क्रीडामंत्री साहेब, भर उन्हात वाळूवर दम मोजू नका

मा. क्रीडामंत्री साहेब, नमस्कार.

मी देवगड तालुक्यात एका हायस्कूलला पीटी शिकवतो. गेल्या ऑक्टोबरात आमच्या पोरींना एका निवड चाचणीला नेलं, तिथे कूपर टेस्ट घेतली, म्हणजे 12 मिनिटांत जमेल तेवढं अंतर पळायचं, ती पण किनाऱ्यावर, साडेअकराच्या उन्हात. आमची एक नववीतली पोर 1900 मीटर पळाली आणि बाद झाली. "सर, पाय रुततत हो", एवढंच म्हणाली.

आता हिशोब बघा. मीटरमधून 504.9 वजा करायचे नि 44.73 ने भागायचं, की व्हीओटू मॅक्स येतो, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला शरीर जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज. तिचा आला 31. हीच पोर शाळेच्या ग्राउंडवर सकाळी सातला 2250 मारते, म्हणजे 39! पोर तीच, फुप्फुसं तीच, बदललं काय तर वाळू आणि घाम. त्यात हे सूत्र 1968 साली डॉ. कूपरनी अमेरिकन हवाई दलाच्या पुरुष जवानांवरून काढलेलं, ते चौदा वर्षांच्या मुलीला जसंच्या तसं लावायचं म्हणजे कमालच झाली.

बरं, कूपरमध्ये वेग स्वतः सांभाळावा लागतो, आमची पोरं पहिल्या दोन मिनिटांत जीव तोडून पळतात नि पुढे चालत येतात. त्यापेक्षा बीप टेस्ट घ्या ना. 20 मीटरवर दोन रेषा, मोबाईलवर बीप, पुढची बीप वाजायच्या आत समोरची रेषा गाठायची, जमेनासं झालं की थांबायचं, ताशी 8.5 किमीने सुरुवात आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढ, वेग बीपच ठरवते. तोही अंदाजच म्हणा, पण जागा केवढी लागते? आमच्याकडे एकीकडे घाटी, दुसरीकडे कातळ, 400 मीटरचा सपाट ट्रॅक आणायचा कुठून, आणि असला तरी चार महिने चिखलात. 20 मीटर मात्र कुठल्याही सभागृहात निघतात, फक्त फरशी ओली नको.

लॅब नको साहेब, मेजरिंग टेप आणि एक स्पीकर द्या. आणि असा जीआर काढा की सगळ्या तालुक्यांत टेस्ट एकच, वेळ एकच, जमीन कडक, वर्षातून दोनदा, आणि आकडा पोराच्या आधीच्या आकड्याशी लावून बघायचा.

यंदाची चाचणी सकाळी सातला ठेवलीत तर त्या पोरीला पहिल्या एसटीने मी घेऊन येतो.

आपला,
एक पीटीचा मास्तर