दोन डब्ल्यू-२ आणि एकच पगार

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास, म्हणून हे पत्र. पैशाच्या गोष्टी लिहून ठेवलेल्या बऱ्या, पुन्हा उघडून वाचता येतात.

टॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी दोन हजारांच्या वर रिफंड दिसत होता आणि टपालाने आलेला दुसरा डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा कागद) भरल्याबरोबर तो सगळा गेला, उलट पाच डॉलर देणं निघालं, असं तू म्हणालास. तुझ्या आवाजावरूनच कळलं की तू घाबरलायस. रिटर्न अजून पाठवलेलं नाही हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तो दुसरा डब्ल्यू-२ म्हणजे पहिल्याचीच प्रत आहे. आधी तो सॉफ्टवेअरमधून काढून टाक, मग पुढचं वाच.

तू जुलैत नोकरीला लागलास. सहा महिन्यांचा पगार ४१,६०० डॉलर. टॅक्स कापताना कंपनी असं धरते की हा माणूस वर्षभर याच दराने कमावणार. म्हणून दर पगारातून जरा जास्तच कापलं गेलं, आणि तेच जास्तीचे पैसे तुला परत मिळायचे आहेत. तोच पगार तू दुसऱ्यांदा लिहिलास तेव्हा सहा महिन्यांची कमाई वर्षभराची दिसायला लागली, ८३,२०० डॉलर. कापलेला टॅक्सही दुप्पट धरला गेला, पण वरच्या उत्पन्नावर दर १२ वरून २२ टक्क्यांवर जातो, त्यामुळे एकूण टॅक्स तिपटीहून जास्त झाला. जो पैसा कधी हातात आलाच नाही, त्याच्यावर तू टॅक्स भरायला निघाला होतास.

सरकारकडे तुझा एकच डब्ल्यू-२ आहे. ३१ जानेवारीपर्यंत कंपनी एक प्रत तुला देते आणि एक सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या कार्यालयाला, तिथून आकडे आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे जातात. कागद हरवला म्हणून नवी प्रत काढली तर ती फक्त कर्मचाऱ्याला द्यायची, सरकारला परत पाठवायची नाही. अशा छापील प्रतीवर ‘रीइश्यूड स्टेटमेंट’ असं लिहायचं असतं. तू पाठवलेल्या डब्ल्यू-२ च्या फोटोत वरच्या कडेला ते शब्द आहेत, बारीक आणि फिकट. सप्टेंबरात तू घर बदललंस, पहिला लिफाफा जुन्या पत्त्यावर जाऊन परत आला असणार. तोवर तू कंपनीच्या पोर्टलवरून पहिली प्रत उतरवून घेतली होतीस. ऑनलाइन मिळणाऱ्या प्रतीवर ते शब्द असायलाच हवेत असं नाही, म्हणून पुढे कधी ते दिसले नाहीत तर तेवढ्यावरून कागद वेगळा आहे असं समजू नकोस. आकडे जुळवून बघ.

पेरोलच्या, म्हणजे पगाराच्या हिशेबाच्या टेबलावर मला अठरा वर्षं झाली. एकाच कंपनीचे दोन खरे डब्ल्यू-२ येतात, तेही मी पाहिलंय. वर्षाच्या मध्येच कंपनी विकली गेली किंवा पेरोलचं काम दुसऱ्याकडे गेलं की असं होतं. तेव्हा दोन्हींवरचे आकडे वेगळे असतात, दोन्ही मिळून वर्षाचा पगार होतो आणि दोन्ही भरावेच लागतात. एक टाकून दिला तर काही महिन्यांनी आयआरएसचं पत्र येतं की तुम्ही कमी उत्पन्न दाखवलंत.

तिसरा प्रकार दुरुस्तीचा, डब्ल्यू-२सी. तो ओळखणं सोपं आहे. त्यात शेजारी शेजारी दोन रकाने असतात, आधी काय कळवलं होतं आणि बरोबर काय आहे. जे बॉक्स बदललेत तेवढेच भरलेले असतात, बाकी कोरे. कोऱ्या बॉक्सचा अर्थ शून्य असा नाही, तिथे जुनाच आकडा कायम. आणि बदललेला आकडा जुन्याच्या जागी घ्यायचा, त्यात मिळवायचा नाही. रिटर्न पाठवून झाल्यावर हा कागद आला तर १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न भरून दुरुस्ती करता येते. पण पहिला रिफंड हातात पडेपर्यंत थांब, त्याच्यावर दुसरं रिटर्न घालून गुंता करू नकोस. साधारण तीन वर्षं मुदत असते. राज्याचं रिटर्नही तेव्हाच तपासायचं.

तुझ्या बाबांची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. इथे आल्यावरच्या त्यांच्या पहिल्या नोकरीत डब्ल्यू-२ वर सोशल सिक्युरिटी नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले होते. पगार बरोबर, टॅक्स बरोबर, म्हणून आमचं दोघांचंही तिकडे लक्ष गेलं नाही. दोन वर्षांनी सोशल सिक्युरिटीचं विवरण आलं आणि त्या वर्षाच्या समोर शून्य होतं. वर्षभर रात्रपाळी करून आलेला माणूस त्या शून्याकडे बघत बसला होता, तो चेहरा मी विसरलेले नाही. त्या शून्याचा अर्थ असा की म्हातारपणी जी पेन्शन मिळायची, तिच्या हिशेबात ते वर्ष नाहीच. ती कंपनीही तोवर बंद पडली होती. आम्ही वाचलो ते बाबांनी डब्ल्यू-२ आणि पगाराच्या सगळ्या पावत्या एका फोल्डरमध्ये लावून ठेवल्या होत्या म्हणून. ते कागद दाखवून ते वर्ष त्यांच्या नावावर चढलं. अशा दुरुस्तीला ज्या वर्षी पगार मिळाला ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षं, तीन महिने आणि पंधरा दिवस इतकी मुदत असते. त्यानंतर ठरावीक कारणांसाठीच ती होते.

म्हणून काल रात्री तुझ्या डब्ल्यू-२ चा फोटो मोठा करून मी प्रत्येक बॉक्स वाचला. नाव, नंबर, सगळं ठीक आहे. सोशल सिक्युरिटीची कपात पगाराच्या ६.२ टक्के, म्हातारपणच्या आरोग्य विम्याची, म्हणजे मेडिकेअरची १.४५ टक्के, दोन्ही आकडे बसतात. पण बॉक्स १२ शी मी थांबले. तिथे फक्त डीडी हा कोड आहे, म्हणजे आरोग्य विम्याचा खर्च. तो नुसता माहितीसाठी असतो, त्यावर टॅक्स नाही. दिवाळीत तू मला सांगितलं होतंस की पहिल्या पगारापासून ४०१(के) मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात ५ टक्के टाकतोयस. मग बॉक्स १२ मध्ये डी कोडने ते पैसे दिसायला हवेत, जवळजवळ २,०८० डॉलर. आणि बॉक्स १ चा (इन्कम टॅक्ससाठी धरलेला पगार) आकडा बॉक्स ३ पेक्षा (सोशल सिक्युरिटीसाठी धरलेला पगार) तेवढाच कमी हवा, कारण ४०१(के) ला गेलेल्या रकमेवर इन्कम टॅक्स आत्ता लागत नाही, सोशल सिक्युरिटी मात्र लागते. तुझ्या कागदावर बॉक्स १ आणि बॉक्स ३ दोन्हीकडे ४१,६०० च आहे.

एक शक्यता अशी की तू रॉथ प्रकार निवडलायस. त्यात टॅक्स आधीच भरतात, म्हणून बॉक्स १ कमी होत नाही. पण तेव्हा कोड एए दिसायला हवा, आणि तोही नाही. म्हणजे एक तर पैसे कापलेच गेले नाहीत, नाहीतर कापले गेले आणि डब्ल्यू-२ वर चढले नाहीत. साध्या ४०१(के) ला कापले गेले असतील तर तुझ्या १२ टक्क्यांच्या दराने अडीचशे डॉलरचा टॅक्स तू उगाच भरशील. दोन्ही प्रती एकसारख्या निघाल्या म्हणून मला बरं वाटलं होतं, पण मूळ कागदातली चूक नव्या प्रतीतही तशीच उतरते.

डिसेंबरच्या शेवटच्या पे स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर वर्षभराची बेरीज असते. तिथे ४०१(के) ची ओळ आहे का बघ. पैसे कापलेले दिसले तर पेरोलला ईमेल कर. दोन्ही कागद आणि पे स्टब जोडून एवढंच विचार, ‘बॉक्स १ आणि बॉक्स १२ तपासाल का, आणि चूक असल्यास डब्ल्यू-२सी द्याल का?’ संकोच करू नकोस. फेब्रुवारीत अशी विचारणा आली की आम्हालाही बरं वाटतं, एप्रिलच्या आदल्या आठवड्यात येते तेव्हा हातात काही उरत नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत उत्तर आलं नाही तर आयआरएसला फोन करता येतो, तेच कंपनीला पत्र लिहितात. तरीही कागद आला नाही तर पे स्टबच्या आकड्यांवरून, डब्ल्यू-२ च्या ऐवजी ४८५२ नंबरचा फॉर्म रिटर्नला जोडता येतो. वेळ लागणारच असं दिसलं तर १५ एप्रिलच्या आत मुदतवाढीचा ४८६८ नंबरचा फॉर्म भरून ऑक्टोबरपर्यंतची मुदत घे. ज्यांना टॅक्स द्यायचा असतो त्यांना पैसे तरीही एप्रिलमध्येच भरावे लागतात. तुला परत मिळायचे आहेत, तुझी अडचण नाही.

आणि या दिवसांत ‘तुमचा सुधारित डब्ल्यू-२ तयार आहे, इथे क्लिक करा’ असे ईमेल येतात. त्यातली लिंक उघडायची नाही. नेहमीच्या पत्त्यावरून पोर्टलवर जाऊन बघायचं, नाहीतर पेरोलला स्वतः फोन करायचा. एका डब्ल्यू-२ वर तुझं नाव, पत्ता, पगार, सोशल सिक्युरिटी नंबर सगळं असतं, चोराला आणखी काही लागत नाही. मला व्हॉट्सॲपवर पाठवतानाही पुढच्या वेळी तो नंबर बोटाने झाक.

आज रात्री जेवण झाल्यावर डिसेंबरच्या पे स्टबचा फोटो पाठव, खालच्या बेरजेच्या ओळींसकट. मी जागी आहे.

तुझी,
आई