डिस्क का गायब होते ते शोधून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

दादरच्या आमच्या छोट्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चालतं. ती पानं ज्या लिनक्स मशीनवर (लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर) साठतात, त्याची डिस्क अधूनमधून गायब व्हायची. रविवारची सुट्टी मोडून, मेगाब्लॉकमधून डोंबिवलीहून येऊन तुम्ही ते दुखणं शोधलंत. त्याचे आभार सगळ्यांसमोर मानावेत असं वाटलं.

बाकी सगळे म्हणाले होते, डिस्क गेली, नवी घ्या. तुम्ही आधी बॅकअप घ्यायला लावलात आणि मग विचारलंत, ‘डिस्क जाते कधी? काम चालू असताना की मशीन नुसतंच पडून असताना?’ हजारो पानांची कॉपी सुरळीत व्हायची, आम्ही जेवायला उठलो की मात्र घोळ व्हायचा. हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

पुढची अडचण लॉगची, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदींची. डिस्कच नाहीशी झाल्यावर त्या क्षणाची नोंद होणार कुठे? तुम्ही नेटकन्सोल लावलंत आणि कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश नेटवर्कवरून शेजारच्या मशीनवर येऊ लागले. त्यात हवी ती ओळ सापडली: डिस्क चालवणारा कंट्रोलर बंद, आणि त्याच्या स्टेटसचे सगळे बिट १. डिस्क ज्या मार्गाने संगणकाशी बोलते त्या पीसीआय बसवर समोरून कुणीच उत्तर दिलं नाही की असंच वाचलं जातं, हे तुम्ही समजावलंत. डिस्क चुकीचं बोलत नव्हती, ती बोलतच नव्हती.

कारण निघालं वीजबचतीचं. लिनक्समध्ये एनव्हीएमई प्रकारच्या वेगवान डिस्क चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये २०१७ साली, ४.११ या आवृत्तीत, एपीएसटी ही वीजबचतीची सोय आली. काम नसलं की डिस्क आपणहून कमी विजेच्या अवस्थेत जाते. त्या अवस्थेतून बाहेर यायला किती वेळ लागलेला चालेल, याची ड्रायव्हरमधली मूळ मर्यादा १,००,००० मायक्रोसेकंद आहे. आमची डिस्क सर्वांत खोल झोपेत जायची आणि उठायचीच नाही.

मर्यादा शून्य करून, म्हणजे ही झोप पूर्ण बंद करून, तुम्ही मशीन रात्रभर रिकामं ठेवायला सांगितलंत. डिस्क टिकली. बहुतेकांनी तिथेच काम संपवलं असतं. पण आमच्या खोलीत एसी नाही, मे महिन्यात सतत जागी राहिलेली डिस्क तापेल, हे तुमच्या लक्षात होतं. म्हणून डिस्कने स्वतःच दिलेले प्रत्येक अवस्थेचे आकडे वाचून तुम्ही मर्यादा अशी बसवलीत की फक्त सर्वांत खोल अवस्था वगळली जाईल. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग थांबून पाहायचं, ही तुमची शिस्त मला फार मोलाची वाटते. घाईत चार पर्याय एकदम बदलले असते, तर नेमकं कशाने जमलं हे कधीच कळलं नसतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच घेतलात. त्यानंतर पावसाळा गेला, डिस्क एकदाही हरवली नाही आणि स्कॅनिंग रोज चालू आहे. अंक चाळायला सवडीने या, तुमच्यासाठी वाचनालय केव्हाही उघडं आहे.

आपली कृतज्ञ,
वाचनालयातली एक कार्यकर्ती