बाई, मी तिचं नाव विचारलं

प्रिय बाई,

प्रभूच्या नावात सलाम.

हे पत्र तुमच्या सूनबाई तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतील. आता बारीक अक्षर लागत नाही असं त्या फोनवर म्हणाल्या. पत्र मुद्दाम उघडं लिहिते आहे. आमच्या मंडळीतल्या तरुण मुलामुलींनीही ते वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

गेल्या मंगळवारी हॉस्टेलवरची एक मुलगी माझ्या खोलीवर आली. आमच्याच वॉर्डात नवीन लागलेली सिस्टर. घर ख्रिस्ती, पण दृढीकरण, म्हणजे चर्चमध्ये स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याचा विधी, झाल्यापासून तिनं शास्त्र म्हणजे बायबल उघडलेलं नव्हतं. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर वाचाल का?" मी कपाटातून तुमचा नवा करार काढला. तोच, पाठीला निळी चिकटपट्टी लावलेला. त्यातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला, तर समासात तुमच्या पेन्सिलीनं घातलेली तारीख. दुसऱ्या अध्यायाला पुढची तारीख. तिसऱ्याला तीन तारखा, कारण तिथं आपण तीन रविवार थांबलो होतो. मार्काचे अध्याय सोळा, आणि ते वाचायला तुम्ही माझ्यासाठी चौदा महिने दिलेत. त्या तारखा बघता बघता मला रडू आलं. तुमचे आभार मी कधीच मानले नव्हते.

त्या वेळी मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. तरुणांच्या शिबिरातून नुकतीच परत आले होते आणि मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातली येशूची, जाऊन शिष्य करण्याची आज्ञा अंगात भिनली होती. 'जा' एवढाच शब्द मला ऐकू येत होता. सुट्टीत गावी आले की एस.टी. स्टँडवर सुवार्तेच्या छापील पत्रिका वाटायची. पुढं वॉर्डातही वाटू लागले. एका रविवारी उपासनेनंतर तुमच्या घरी आले आणि आनंदानं सांगितलं, "बाई, या आठवड्यात बारा जणांना सुवार्ता दिली." एका आजीबद्दलही सांगितलं. त्यांचे मालक ऑपरेशन होऊन पडले होते. मी त्यांच्या हातात पत्रिका दिली, त्यांनी ती घडी करून पाण्याच्या पेल्याखाली ठेवली.

तुम्ही चहाचं आधण ठेवत होता. मागं न वळता विचारलंत, "त्यांचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं.

"गाव?"

तेही माहीत नव्हतं.

"बरं. पुढच्या रविवारी नाव घेऊन ये."

तुम्ही रागावला नाहीत. चहा गाळलात, बशीत दोन बटर ठेवलेत आणि मग समोर बसून जे बोललात ते मी आजवर दर पाळीला वॉर्डात शिरताना आठवते. "पोरी, आजारी माणसाला उठून जाता येत नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढं बोलताना दहादा विचार करावा. त्यानं विचारलं तर सांग. नाही विचारलं तर त्याची उशी नीट कर."

त्या आठवड्यात मी आजींचं नाव विचारलं. गाव विचारलं. जेवलात का, तेही विचारलं. दोन दिवस त्यांनी भाकरी खाल्ली नव्हती. मुलगा सुरतेला होता आणि त्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हरवली होती. चिठ्ठी पिशवीच्या अस्तरात सापडली, मी फोन लावून दिला. गुरुवारी रात्री त्या आपण होऊन म्हणाल्या, "तुझ्या देवाला सांग माझ्या म्हाताऱ्याचं." मी त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात प्रार्थना केली. आजोबा बरे होऊन घरी गेले. आजी विठोबाच्या माळकरी होत्या, माळ गळ्यात घेऊनच गेल्या. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी रविवारी तुम्हाला त्यांचं नाव सांगितलं, आणि तुम्ही ते तुमच्या प्रार्थनेच्या वहीत लिहून घेतलंत.

मग वहीशेजारी हा नवा करार ठेवून तुम्ही मला शाळेतल्यासारखं विचारलंत, "'तुम्ही जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करा.' यातलं क्रियापद कुठलं?" मी म्हटलं, जाणे. "चूक. 'जाऊन' हे धातुसाधित आहे. क्रियापद 'करा'. काय करा? शिष्य करा." पुढं कितीतरी वर्षांनी आमच्या पाळकसाहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, बाईंनी बरोबर नाडी पकडली. मूळ ग्रीकमध्येही आज्ञार्थी रूप तेवढं एकच आहे, 'शिष्य करा'. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही तिन्ही धातुसाधितं त्याच्या आधारानं उभी आहेत. तुम्हाला ग्रीक येत नव्हतं. चाळीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलंत, त्यातूनच ते हाती आलं.

आणि शिष्य कसा करायचा, यासाठी आपण मार्काच्या तिसऱ्या अध्यायापाशी ते तीन रविवार थांबलो. येशूनं बारा जणांना नेमलं ते कशासाठी? त्यांनी आपल्याबरोबर असावं, आणि मग उपदेशाला त्यांना पाठवावं. 'बरोबर' या शब्दाखाली तुम्ही दोन रेघा ओढल्यात. त्या अजून आहेत. आधी बरोबर राहणं, पाठवणं त्यानंतर. माझी सगळी गडबड पाठवण्याची होती आणि बरोबर कोणाच्याच मी नव्हते. शिबिरांत, मोहिमांत, मोठ्या सभांत मी पुष्कळ ऐकलं होतं. हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

तुम्ही दाखवलंत ते वागून. भाकरी थापताना कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचात आणि मध्येच त्यांची गोष्ट सांगायचात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि तो आपल्या वाटेनं गेला. टिळक वाचत राहिले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर आणखी कित्येक वर्षं लागली. घरदार तुटलं, दोघं वेगळी राहिली, आणि त्या आल्या त्या स्वतःला पटलं तेव्हाच. "वेळ लागू द्यावा," म्हणायचात, "पीक ओढून वर येत नाही." राज्यघटनेच्या २५ व्या कलमाचंही तुम्हाला फार प्रेम. प्रसाराचा अधिकार त्यात आहेच, पण सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आधी लिहिलंय, हा क्रम तुम्ही बोट ठेवून दाखवायचात. मला तो क्रम आजही प्रिय आहे.

तुमच्या आजींचं तुम्ही एकदाच बोललात. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून ज्या मुली घेऊन आल्या, त्यांत त्या होत्या. हाडांचा सापळा झालेली पोर. केडगावला रमाबाईंच्या मुक्तिसदनात त्यांना आधी पेज मिळाली, मग अक्षर मिळालं. तिथल्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून केलेलं शास्त्राचं भाषांतर तिथंच छापलं गेलं, ते त्यांच्या पश्चात १९२४ साली बाहेर आलं. आजींनी तुमच्या आईला वाचायला शिकवलं, आईनं तुम्हाला, तुम्ही मला. प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलं होतं, माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपवून दे, म्हणजे ती इतरांना शिकवतील. ते वचन वाचलं की मला तुमचं स्वयंपाकघर दिसतं.

बाई, तुमच्या त्या रविवारच्या दुपारी नातवंडं झोपलेली असायची, तुमचे गुडघे दुखत असायचे, पेन्शनीच्या पैशात दूध मोजून आणलेलं असायचं. तरी माझा चहा कधी चुकला नाही. मी दोनदा न सांगता आले नाही, तरी तिसऱ्या रविवारी पुस्तक उघडंच होतं. या सगळ्याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे. प्रभूनं मला सांभाळलं ते तुमच्या हातानं.

त्या मुलीनं पहिल्या अध्यायाला तुमच्या तारखेखाली आपली तारीख घातली आहे. पेन्सिलीनंच. दर मंगळवारी ती रात्रपाळीच्या आधी येते. काल म्हणाली, तिची आई आजारी आहे आणि घरी ते कोणालाच सांगता येत नाही. मग आम्ही वाचलं नाही, नुसत्या बोलत बसलो. दुसऱ्या अध्यायाची तारीख अजून घालायची राहिली आहे. तिच्या आईचं नाव सोबतच्या वेगळ्या चिठ्ठीत लिहून पाठवते, ते तुमच्या वहीत लिहून घ्यायला सूनबाईंना सांगा.

तुमची,
मार्क वाचणारी पोर