आमचे फोन सुधारणाऱ्या ताईंना जाहीर पत्र

प्रिय ताई,

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पण आभार जाहीरच मानणार. पैसे घेतले नाहीत, तर एवढं सहन करा.

मुलीची पुस्तकं घ्यायला तुम्ही अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या दुकानात आलात तेव्हा मी फोनवर ओरडत होतो. जूनची गर्दी, सातारा-सोलापूरकडच्या शाळांच्या ऑर्डरी, आणि पलीकडून सारखं ‘आवाज तुटतोय’. इंटरनेटवरचे फोन घेतल्यापासून हेच चाललं होतं. ज्याला विचारावं तो म्हणे, मोठा प्लॅन घ्या. तुम्ही मात्र आधी विचारलंत, ‘तुटतं कुणाचं? तुम्हाला त्यांचं, की त्यांना तुमचं?’ त्यांना आमचं. म्हणजे दुखणं अपलोडमध्ये, आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या वाटेत.

मग बिलाच्या पाठीवर हिशेब मांडलात. जी.७११ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीत, आवाज ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. दर २० मिलिसेकंदांनी आवाजाचा एक तुकडा, म्हणजे पॅकेट, आणि प्रत्येकाला आयपी, यूडीपी, आरटीपी या इंटरनेटच्या नियमांप्रमाणे लागणारे, पाकिटावरच्या पत्त्यासारखे, मिळून ४० बाइटांचे हेडर. झाले ८० केबीपीएस. पाचही फोन एकदम चालू असले तरी ४००, आणि आमचं अपलोड १० एमबीपीएस, म्हणजे १०,००० केबीपीएस. जागा भरपूर होती. ती खात होता कॅमेऱ्यांचा आणि हिशेबाचा दिवसभर चालणारा क्लाउड बॅकअप. तो सुरू असला की फोनची पॅकेटं रांगेत अडकत, कधी लवकर सुटत, कधी उशिरा.

खरी गंमत पुढे. ही रांग लागत होती मोडेममध्ये, जिथे आपल्या हातात काही नाही. तुम्ही राउटरवर अपलोडची मर्यादा मुद्दाम ९ एमबीपीएस केलीत, म्हणजे रांग आमच्याच दारात लागेल. मग फोनच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ची, म्हणजे ‘आधी सोडा’ अशी, खूण करून त्यांना सगळ्यांच्या पुढे काढलंत. लाईनचा वेग कमी केल्यावर आवाज सुधारतो, हे आमच्या हिशेबनीसांना अजून पटलेलं नाही. बाहेरच्या इंटरनेटवर ही खूण कुणी मानेलच असं नाही, हेही तुम्ही स्वतःहून सांगितलंत. सेटिंग करणारे सहसा हे सांगत नाहीत.

नऱ्ह्याच्या गोदामाची लाईन मात्र खरोखरच बारीक. तिथे तुम्ही जी.७२९ हा आवाज जास्त दाबणारा कोडेक लावलात: आवाज फक्त ८ केबीपीएस. पण २० मिलिसेकंदांच्या पॅकेटात आवाज २० बाइट आणि हेडर ४०, म्हणजे पुस्तक वीस रुपयांचं आणि कुरिअर चाळीस. म्हणून एका पॅकेटात ४० मिलिसेकंदांचा आवाज भरलात. २४ केबीपीएसचे १६ झाले. दुकानात हा कोडेक लावायला मात्र साफ नकार दिलात. गोदामातला माणूस रोजचा आहे, त्याचा आवाज थोडा दबला तरी कळतो. गिऱ्हाइकाला तो त्रास कशाला, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

सगळ्यात जास्त उपकार सहावी-दहावीचे. आधीच्या माणसाने बँडविड्थ वाचवायला शांततेत पॅकेट न पाठवण्याची सोय चालू ठेवली होती. बोलायला सुरुवात करताच पहिलं अक्षर कापलं जाई. आमचा मुलगा ऑर्डर पक्की करायला ‘सहावी?’ विचारायचा, पलीकडे ‘हावी’ पोहोचायचं. दहावीचंही ‘हावी’च. गठ्ठे परत यायचे. ती सोय तुम्ही बंद केलीत.

जिटर बफर, म्हणजे मागेपुढे येणारी पॅकेटं सावरायला आवाज थोडा थांबवून ठेवण्याची जागा, मोठा करू का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही २०० मिलिसेकंद लावून दाखवलेत. आवाज अखंड, पण उशिरा, म्हणून ‘तुम्ही बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ सुरू! एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोहोचायला एकूण १५० मिलिसेकंदांच्या आत लागावेत, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते, हे तेव्हा कळलं. बफर ६०वर आणलात.

दिवाळी अंकांसाठी आणखी दोन फोन जोडतोय. सात गुणिले ८०, ५६० केबीपीएस. लाईनला काही होत नाही, एवढं आता आमचं आम्हाला येतं. सगळी सेटिंग्ज कागदावर उतरवून गल्ल्यात ठेवली आहेत. मुलीच्या पुढच्या वर्षीच्या पुस्तकांची यादी फोनवरच सांगा.

आपले,
दुकानातले सगळे