सुईच्या तपासणीला दोष देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाळग्रंथीच्या गाठींवरील लेख काल आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. सुईने काढलेल्या पेशींवरून होणारे निदान म्हणजे ‘निव्वळ अंदाज’ आणि यापुढे संगणक असल्याने ते शिकण्याचीही गरज नाही, असे त्यात बेधडक म्हटले आहे. कोल्हापुरात वर्षानुवर्षे पॅथॉलॉजी शिकवलेल्या माझ्यासारखीला हे वाचून गप्प बसवले नाही.

या पेशींच्या स्लाइड वाचणे अवघड असते हे मान्यच आहे. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा या साध्या गाठीत गिम्सा रंग दिल्यावर किरमिजी, तंतुमय पदार्थ दिसतो. त्याच्या कडा विसकटलेल्या असतात आणि पेशी त्यात रुतलेल्या असतात. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या कर्करोगातही रंग तोच, पण गोळे रेखीव कडांचे, आत पेशी नसलेले. पुस्तकातल्या निवडक छायाचित्रांत हा फरक चटकन कळतो, प्रत्यक्षात मात्र साध्या गाठीतही असे गोळे अधूनमधून भेटतात आणि तिथेच शिकणाऱ्याचा हात थबकतो. लाळग्रंथीच्या अशा तपासणीचे रिपोर्ट कसे लिहावेत हे सांगणाऱ्या, २०१८ मध्ये आलेल्या मिलान पद्धतीत गाठ आहे, पण ती साधी की घातक हे ठरवता येत नाही, यासाठी स्वतंत्र गट ठेवला आहे तो याच कारणाने.

राधानगरीकडच्या एका शेतकरी बाईंच्या स्लाइड आमच्याकडे आल्या, तेव्हा सोबतच्या फॉर्मवर ‘गालाला सूज’ एवढेच लिहिले होते. गडद केंद्रकांच्या लहान पेशींचे दाट पुंजके होते, गोळे मोजकेच. पाठवणाऱ्या रुग्णालयात फोन केला, तर ‘तुम्ही फक्त रिपोर्ट द्या’ असे ऐकवण्यात आले. शेवटी माझ्या विद्यार्थिनीने स्लाइड घेऊन आलेल्या त्यांच्या मुलालाच विचारले. गाठ दुखते आणि आईचा त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही, असे तो म्हणाला. डोळा मिटवणारी चेहऱ्याची नस कानाजवळच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतूनच जाते आणि साधी गाठ तिला सहसा इजा करत नाही. एवढी माहिती फॉर्मवर लिहायला किती वेळ लागला असता? आम्ही ‘कर्करोगाचा दाट संशय’ असा रिपोर्ट दिला. शस्त्रक्रियेनंतरचा बायोप्सी रिपोर्ट मात्र वारंवार मागूनही त्या रुग्णालयाने आम्हाला दिला नाही. स्लाइडवर जे पाहिले ते बरोबर होते की नाही, हे माझ्या त्या विद्यार्थिनीला आजतागायत कळलेले नाही. मग तिने शिकायचे कसे? संगणकाला शिकवायलाही अशा पडताळलेल्या स्लाइडच लागतात, हे लेखकाने ध्यानात घेतलेले दिसत नाही.

आणखी एक. लेखासोबत छापलेले छायाचित्र लाळग्रंथीच्या पेशींचे नसून रक्ताच्या स्लाइडचे आहे. त्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली,
पॅथॉलॉजीच्या एक निवृत्त शिक्षिका,
राजारामपुरी, कोल्हापूर