मागच्या सीटच्या पाठीचा खटका अर्धवट बसण्याबाबत व सामानासंबंधी अपुऱ्या सूचनांबाबत तक्रार

दिनांक : 6 ऑक्टोबर 2025
कोल्हापूर

प्रति,
माननीय प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : मार्च 2025 मध्ये खरेदी केलेल्या आपल्या कंपनीच्या हॅचबॅक गाडीतील मागच्या सीटच्या पाठीचा खटका प्रवासात सुटल्याबद्दल, आणि त्यावर आपल्या विभागाने 12 सप्टेंबर रोजी पाठविलेल्या उत्तराबद्दल.

महोदय,

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिक या शाखेचा निदेशक म्हणून निवृत्त झालो आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढील मजकूर त्रस्त ग्राहकाचा असला तरी ऐकीव माहितीवर लिहिलेला नाही. गाडीचा नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, खरेदीची पावती, छायाचित्रे आणि वैद्यकीय कागद सोबत जोडले आहेत.

गाडी दाखवताना आपल्या विक्री प्रतिनिधीने सर्वांत जास्त वेळ आतल्या सोयींवर घालवला. डिकी किती लिटरची आहे, मागची सीट साठ-चाळीस अशा दोन भागांत कशी दुमडते, त्यामुळे लांब वस्तूसुद्धा कशी मावते, मोबाइल तारेशिवाय कसा चार्ज होतो, हे सर्व त्याने मन लावून दाखवले आणि मीही मन लावून पाहिले. गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी मात्र नारळ फोडणे, पेढे, भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसह छायाचित्र आणि माझा फोन गाडीतल्या स्क्रीनला जोडून देणे यांतच पाऊण तास संपला. दुमडलेली सीट परत उभी करताना काय पाहायचे असते, हे त्या पाऊण तासात कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

सोमवार, 25 ऑगस्ट रोजी, म्हणजे हरतालिकेच्या आदल्या दिवशी, आम्ही पाच जण गणपतीसाठी साखरप्याजवळच्या आमच्या गावी निघालो. पुढे मी व पत्नी, मागे डावीकडे 79 वर्षांची माझी आई, मध्ये 11 वर्षांची नात आणि उजवीकडे मुलगा, अशी बसण्याची व्यवस्था होती आणि पाचही जणांनी सीटबेल्ट लावलेले होते. डिकीत दहा-दहा किलोचे गुळाचे दोन रवे, कपड्यांच्या दोन बॅगा, समयांची जोडी आणि पूजेचे साहित्य होते. परत आल्यावर हे सारे त्याच पिशव्यांसह मी काट्यावर ठेवून पाहिले (गुळाचे तेवढेच वजन धरून), ते 58 किलो भरले. जड वस्तू खाली, तळाला टेकून आणि सीटच्या पाठीला लागून ठेवायच्या, हा जो नियम मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवला, त्याच नियमाने गुळाचे रवे पाठीला लागून ठेवले होते. आज त्या नियमापुढे एक अट लिहावी लागेल असे वाटते, ती अशी की, पाठ खरोखर बंद झालेली असेल तर.

आंबा गाव मागे टाकून घाट उतरताना पाऊस व धुके होते आणि गाडीचा वेग ताशी 30 ते 35 किलोमीटरच्या पुढे नव्हता. एका वळणावर समोरून येणारी एस.टी. आमच्या बाजूला आल्यामुळे मला जोरात ब्रेक दाबावा लागला. टक्कर झाली नाही, गाडीला ओरखडासुद्धा नाही. परंतु त्याच क्षणी मागच्या सीटचा डावीकडचा मोठा भाग खटक्यातून सुटला आणि डिकीतल्या सामानासह आई व नात यांच्या पाठीवर आला. आईचा पट्टा गाडीच्या खांबाला बांधलेला असल्याने तो तिला धरून राहिला, म्हणजे पुढून पट्टा आणि मागून सीट अशा कात्रीत ती सापडली. नातीची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण या गाडीत मधल्या पट्ट्याचे रीळ सीटच्या पाठीतच बसवलेले आहे. पाठ सुटली तेव्हा तिच्याबरोबर पट्ट्याचा खांद्याकडचा भागही पुढे आला आणि मुलीचे तोंड पुढच्या दोन सीटांच्या मध्ये आपटून ओठ फाटला. मागे बसणाऱ्याने पट्टा न लावल्यास हजार रुपये दंडाची तरतूद करणाऱ्या कायद्याचे आम्ही पालन केले होते. पण पट्टा ज्याला बांधलेला होता, तीच वस्तू जागेवर राहिली नाही.

रत्नागिरीच्या रुग्णालयात आईच्या मानेची व खांद्याची तपासणी झाली. हाड मोडलेले नव्हते, मात्र तीन आठवडे मानेला पट्टा लावावा लागला. मूर्तीपुढे वाकता येत नाही याचे तिला जे वाईट वाटले, त्याची भरपाई मी आपल्याकडे मागत नाही. बाकीच्या खर्चाची मागतो आहे.

आता कारणाकडे येतो. आदल्या दिवशी मखराच्या लाकडी फळ्या आणण्यासाठी मुलाने सीटचा तो भाग दुमडला होता आणि फळ्या उतरवल्यावर परत उभा केला होता. उभा करताना खट् असा आवाज आला, हे त्याला स्पष्ट आठवते. घटनेनंतर गावी पोहोचल्यावर मी पाहिले, तेव्हा डाव्या बाजूच्या सीटबेल्टच्या पट्टीवर आडवी दबल्याची खूण होती. पाठ मागे ढकलताना ही पट्टी खटका आणि त्याची कडी यांच्यामध्ये सापडली होती. अशा वेळी खटका पहिल्या दातावर अडकतो, आवाज करतो, पाठ सरळ उभी दिसते, हलक्या हाताने हलवली तर हलतही नाही आणि खटका सोडवण्याची वरची कळ खाली बसल्यासारखी वाटते. पूर्ण बसलेली कळ आणि अर्धवट बसलेली कळ यांच्या उंचीत मी मोजलेला फरक चार मिलिमीटर आहे. चार मिलिमीटरचा फरक डिकीच्या अंधारात, समोर सामानाचा ढीग असताना कोणाला कळावा, हे आपल्या अभियंत्यांनी मला सांगावे.

हा दोष माझ्याच गाडीपुरता असेल असे मलाही आधी वाटले होते. म्हणून 4 सप्टेंबर रोजी आपल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये, सर्व्हिस मॅनेजरच्या समक्ष, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवर पट्टी मध्ये येईल अशा रीतीने पाठ दहा वेळा बंद करून पाहिली. दहापैकी सात वेळा खटका अर्धवट बसला आणि सातही वेळा आवाज मात्र पूर्ण आला. याचे चित्रीकरण जोडले आहे. त्यापूर्वी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने मला दोनदा सांगितले होते की, असे कधी होत नाही.

या अडचणीवरचे उपाय नवीन नाहीत आणि महागही नाहीत. खटका पूर्ण बसला नसेल तर कळीच्या बाजूला दिसणारी लाल खूण पुष्कळ गाड्यांत असते. पट्टी वाटेत येऊ नये म्हणून बाजूच्या आवरणावर ती अडकवून ठेवण्याचा प्लॅस्टिकचा लहान हूक असतो. आपल्या माहिती पुस्तिकेतील चित्रात तो हूक दाखवलेला आहे आणि त्याच्या शेजारी तारांकन असून, पानाच्या तळाशी ‘काही प्रकारांत उपलब्ध’ असे लिहिले आहे. माझ्या गाडीत तो नाही. पडद्याचा आकार, चाकांची मिश्रधातू, छताचा रंग हे प्रकारागणिक बदलावेत, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पट्टी खटक्यात सापडू नये यासाठी असलेला हूक हा चैनीचा भाग कसा ठरला, हे समजून घेण्याची मला उत्सुकता आहे.

आपल्या 12 सप्टेंबरच्या उत्तरात तीन मुद्दे आहेत. पहिला, गाडीत क्षमतेपेक्षा जास्त वजन असण्याची शक्यता आहे. आपल्याच पुस्तिकेनुसार या गाडीचे रिकामे वजन आणि कमाल एकूण वजन यांतील फरक 425 किलो आहे. आम्हा पाच जणांचे वजन 290 किलो, सामान 58 किलो, एकूण 348. ही बेरीज उत्तर लिहिण्यापूर्वी मला विचारून करता आली असती. दुसरा मुद्दा, सामान योग्य रीतीने रचलेले नसावे. ते कसे रचले होते हे वर लिहिले आहे, आणि आपल्या पुस्तिकेतील चित्रही तेच सांगते.

तिसरा मुद्दा, पुस्तिकेतील सूचना पाळलेली नसावी. याबाबत मी प्रामाणिकपणे काही मान्य करतो. सीट परत उभी केल्यावर पाठ पुढे-मागे ओढून खात्री करावी व पट्टा अडकलेला नाही हे पाहावे, असे वाक्य पुस्तिकेत आहे आणि ते मी घटनेपूर्वी वाचलेले नव्हते. ते वाचलेले असायला हवे होते. परंतु ही पुस्तिका छापील स्वरूपात मिळाली नाही; डॅशबोर्डच्या कप्प्यात (ग्लोव्ह बॉक्समध्ये) चार पानांची घडीपत्रिका होती आणि तिच्यावरचा कोड मोबाइलने वाचल्यास संपूर्ण पुस्तिका इंग्रजीत उघडते. कोल्हापुरात, मराठीत बोलून, मराठीत जाहिरात करून विकलेल्या गाडीत, ज्या एका वाक्यावर मागे बसणाऱ्यांची पाठ अवलंबून आहे, ते वाक्य इंग्रजीत आणि तेही फोनच्या पडद्यावर तीनशेहून अधिक पानांच्या आत असावे आणि सीटवर, खटक्यावर किंवा डिकीच्या झाकणावर एकही चिकटपट्टी नसावी, याला सूचना दिली असे म्हणता येईल का? टायरमधील हवेच्या दाबाचा तक्ता आपण चालकाच्या दाराच्या चौकटीवर लावता, रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे देता. तसाच दोन ओळींचा मराठी-हिंदी कागद खटक्याशेजारी लावण्यास काय अडचण आहे?

धोका किती मोठा होता, हे केवळ भावनेच्या भरात लिहितो आहे असे आपणास वाटू नये, म्हणून हिशेब देतो. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी टक्कर होऊन एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूचा धक्का तिच्या वजनाच्या सुमारे चौदा पट होतो. म्हणजे 20 किलो गूळ त्या क्षणी 280 किलोंसारखा पाठीवर आदळतो. हे काही गुपित नाही. सीटच्या मजबुतीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक 17 मध्ये डिकीत 18-18 किलोचे दोन ठोकळे ठेवून पाठीची चाचणी घेतात ती याचसाठी. आपल्या गाडीची पाठ अशा चाचणीत टिकतही असेल, त्याबद्दल मला शंका घ्यायची नाही. मात्र प्रयोगशाळेत खटका पूर्ण बसवूनच चाचणी होते. घरी तो बसवणारा माणूस घाईत असतो आणि खट् आवाजावर विश्वास ठेवतो. आमच्या बाबतीत टक्कर नव्हती, नुसता ब्रेक होता.

याच अनुषंगाने आणखी दोन गोष्टी थोडक्यात नोंदवतो. आपल्या माहितीपत्रकात छतावरील दांड्यांना सायकल बांधलेले छायाचित्र आहे, आणि पुस्तिका म्हणते की या दांड्या केवळ शोभेच्या असून त्यांवर सामान बांधू नये. डिकी भरली की सामान्य माणूस उरलेले सामान तिथेच बांधणार, हे छायाचित्र छापणाऱ्यास ठाऊक असणारच. दुसरी गोष्ट अधिक खेदाची आहे. मागच्या रिकाम्या सीटवर बॅग ठेवल्यास पट्ट्याची सूचक घंटा वाजत राहते, असे मी एकदा वर्कशॉपमध्ये सहज म्हणालो, तेव्हा तेथील सुट्या वस्तूंच्या विभागातून मला घंटा बंद करणारी क्लिप सुचवण्यात आली. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिपची विक्री थांबविण्याचे आदेश दिले होते. बॅगेला सीटवर जागाच नको, आणि ठेवायचीच झाली तर तिलाही पट्टा लावावा, घंटाही थांबेल, हे उत्तर अधिकृत वर्कशॉपमध्ये कोणाला सुचू नये याचे आश्चर्य वाटते.

माझी मागणी अशी आहे की, आपण प्रशिक्षित अभियंता पाठवून माझ्या गाडीच्या खटक्याची माझ्यासमक्ष तपासणी करावी व तिचा लेखी अहवाल मला द्यावा. लाल खूण असलेला खटका व पट्टी अडकवण्याचा हूक विनामूल्य बसवून द्यावा. आणि या मॉडेलच्या सर्व गाडीमालकांना, त्यांच्या भाषेत, संदेश व पत्राद्वारे ही बाब कळवावी. वैद्यकीय व प्रवास खर्चाचे 18,640 रुपये पावत्यांनुसार मिळावेत. या चारांपैकी मालकांना कळविण्याची मागणी मी कोणत्याही कारणाने मागे घेणार नाही, रक्कम मिळाली तरीही नाही. दिवाळी तोंडावर आली आहे आणि पुष्कळ डिक्या भरल्या जाणार आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 84 प्रमाणे रचनेतील दोषाबरोबरच वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणे हेही उत्पादकाच्या उत्तरदायित्वात येते. पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत समाधानकारक कार्यवाही न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली असून तिचा क्रमांक सोबतच्या पानावर आहे.

तोपर्यंत सीटचा तो भाग मी दुमडणार नाही. दबल्याची खूण असलेला सीटबेल्टही बदललेला नाही, तिथे कोणाला बसवतही नाही. आपल्या अभियंत्याने येण्यापूर्वी एक दिवस फोन करावा आणि येताना त्याच मॉडेलचा एक नवा खटका बरोबर आणावा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.

कळावे,

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व वाहनाचा तपशील सोबतच्या पानावर)