सईस, कोकणात निघण्याआधी

अंबाजोगाई

चि. सईस अनेक आशीर्वाद.

दिवेआगर ते हरिहरेश्वर पायी जायचा तुमचा कार्यक्रम आईच्या मोबाईलवर वाचला. रविवार, सकाळी आठ, हरिहरेश्वराची प्रदक्षिणा. त्या एका ओळीपायी हे पत्र लिहितोय. फोनवर बोलायला गेलं की माझा आवाज चढतो, परवाही चढला, आणि तू "आप्पा, मी लहान नाही आता" म्हणून फोन ठेवलास.

मार्गशीर्षात देवीच्या नवरात्राला श्रीवर्धनचे काका यायचे, आपल्या ओसरीवर उतरायचे, आठवतात ना? भरतीचा हिशेब मला त्यांनी सांगितलेला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची साधारण वेळ. तिथून सहा तासांनी ओहोटी. तुमच्या रविवारी एकादशी आहे. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे तुम्ही खाली उतरणार नेमकं तेव्हाच पाणी पुरतं चढलेलं असणार. ती प्रदक्षिणेची वाट कातळावरून समुद्राच्या कडेने जाते, ओहोटीलाच चालता येते. दुपारी दोननंतर उतरा.

झालं, एवढंच सांगायचं होतं. बाकी वाट फार सुंदर आहे म्हणतात. दिवेआगर सोडलं की भरडखोल, शेखाडी, एका हाताला डोंगर आणि एका हाताला समुद्र. श्रीवर्धनला थांबा. बाळाजी विश्वनाथ भट तिथले, सिद्दीच्या जाचापायी घाटावर आले आणि 1713 मध्ये पेशवे झाले. हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत. तिथे आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं, असा क्रम आहे. तो पाळ. आणि कोकणातल्या किती घरांची कुलदेवी आपली योगेश्वरी आहे! आजी सांगायची, परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, कोकण वसवलं, आणि तिथे नांदायला मुली आपल्या आंब्याहून, म्हणजे अंबाजोगाईहून गेल्या. त्यांनी देवी सोबत नेली.

बाण मारून हटलेलाच समुद्र तो. दिवसातून दोनदा परत येतो. कातळावर शेवाळ असतं, समुद्राकडे पाठ करून फोटो काढत उभं राहू नका, कुणी मागे राहिलं तर...

पुन्हा सुरू झालो बघ. रागावू नको. तू अख्खं ऑफिस सांभाळतेस, मी गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतो.

हत्तीखान्याच्या लेण्यांत तुला पहिल्यांदा नेलं तेव्हा तू माझ्या खांद्यावर होतीस. परळीच्या वैजनाथाशी देवीचं लग्न ठरलेलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचं झालं, ही गोष्ट सांगितली. तू त्या दगडी हत्तीच्या सोंडेवरून हात फिरवत म्हणालीस, "मग वैजनाथाने थोडं थांबायचं होतं." मी घरी येऊन आजीला सांगितलं, तर ती रात्रभर हसत होती. मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरताना माझा हात सोडून पुढे पळायचीस. बुट्टेनाथच्या दरीत श्रावणात चिखल तुडवत गेलो तेव्हा तुझी चप्पल वाहून गेली, आणि तू रडली नाहीस, दुसरीही फेकून दिलीस. हे पायी भटकायचं वेड माझंच आहे तुझ्यात. मग मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?

नको म्हणतच नाही मी. पण नरसूमामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं तिथे उपयोगाचं नाही, माय. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा तू मावशीकडेच होतीस. घागरी घेऊन रांगेत उभी राहिलीस. आपण पाण्याची वाट बघणारी माणसं. पाणी आपल्याकडे चालून येतं, हे आपल्या अंगात मुरलेलंच नाही. तुझ्या सोबतच्या त्या पुण्यातल्या पोरांच्याही नसेल.

माझ्या पंचांगावर विश्वास ठेवू नको हवं तर. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे होतो, हे काकाही म्हणायचे. शनिवारी रात्री मुक्कामाच्या घरी विचार, बंदरावर कोळी असतील त्यांना विचार. ते नको म्हणाले तर मग दुपारीही नको. वरून बघ, तेवढं पुष्कळ आहे. देव रागावणार नाही.

आईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधलीय, गुरुवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतोय, सकाळी उतरवून घे. गुडघ्याचा पट्टा विसरू नको, मागल्या वेळसारखा.

आणि रविवारची वेळ बदलली का, तेवढं कळव. मला नको तर आईला कळव.

तुझा,
आप्पा